अक्कलदाढा

काढलेली दाढ परत उगवते का, असं सरांनी विचारलं तेव्हा ताईला वाटलं, ते जुन्या सवयीनं तिची परीक्षा घेतायत. दंतवैद्यकाच्या कॉलेजात असताना ते असेच पोरकट वाटणारे प्रश्न विचारायचे आणि हुशार मुलांची भंबेरी उडवायचे. पण आज त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्यावर शेजारी शेजारी लावलेले दोन एक्स-रे बघत होते, एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा.

"नाही उगवत," ताई म्हणाली.

"मग ये इकडे. बस."

डावीकडचा एक्स-रे सकाळी तिनंच आणला होता. तो भोंग्याचा, तिच्या धाकट्या भावाचा. तान्हा असताना तो रडायला लागला की शेजारपाजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तेव्हा आजोबांनी ठेवलेलं ते नाव त्याला असं काही चिकटलं की घरच्या फर्निचरच्या कारखान्यात गिऱ्हाइकंसुद्धा फोनवर भोंगाशेठ आहेत का विचारायची. उजवीकडचा एक्स-रे पोलिसांच्या सांगण्यावरून सरांनी काढलेला. कारखान्यात आग लागून पॉलिशच्या खोलीचं छप्पर कोसळलं, त्याच्याखाली दुसऱ्या दिवशी जो देह सापडला, त्या देहाचा. चेहरा उरला नव्हता, ठसे घेण्यासारखी बोटं उरली नव्हती. दात तेवढे होते. पुढचे तडकून खडूसारखे भुसभुशीत झालेले, पण मागच्या दाढा गालाच्या आणि जिभेच्या आडोशाला वाचल्या होत्या, जबड्यात जागच्या जागी.

शोध लावायला म्हणून ताई आलीच नव्हती. ओळख पटवणं हा नुसता उपचार होता, तो झाला की देह ताब्यात मिळणार होता. आग लागली तेव्हा बाकीची माणसं जेवायला गेली होती आणि त्या खोलीत दोघेच होते, तिचा थोरला भाऊ दादा आणि भोंगा. एकाला जिवंत बाहेर काढलं. त्याच्या अंगावर दादाचा जाड कॅनव्हासचा कोट होता, खिशात दादाच्या किल्ल्या होत्या, आणि फाटकावरचा रखवालदार रडत रडत सांगत होता की हे मोठे मालक. दोघांची उंची सारखी, बांधा सारखा, रक्तगटही एकच. मग राहिला तो भोंगा. हिशेब इतका सरळ होता की त्यावर पुन्हा विचार करावा असं कुणालाच वाटलं नाही. आठवडाभर दादा याच हॉस्पिटलच्या जळीत विभागात बेशुद्ध पडून होता आणि भोंगा मागच्या इमारतीतल्या शवागारात. डीएनएचा अहवाल यायला अजून वेळ होता. तोवर दाताचे जुने एक्स-रे आणून द्या, असं पोलिसांनी सांगितलं होतं, पण दवाखाना उघडून ते शोधायचं बळ ताईला काल संध्याकाळपर्यंत आलं नव्हतं.

"खालच्या अक्कलदाढा," सर म्हणाले. "दोन्ही तूच काढल्यास ना?"

तिनंच काढल्या होत्या, भोंग्याच्या लग्नाआधी. गाल टम्म सुजलेल्या अवस्थेत तो घरभर सांगत फिरला होता की अक्कल गेली, आता लग्नाला हरकत नाही. डावीकडच्या एक्स-रेत शेवटच्या दाढेच्या मागे नुसतं भरून आलेलं हाड दिसत होतं, स्वच्छ, रिकामं.

उजवीकडच्या एक्स-रेत दोन्ही अक्कलदाढा होत्या. एक सरळ उभी. दुसरी आडवी होऊन पुढच्या दाढेवर रेललेली.

"एखादा दात नंतर काढला असेल, एखादी दाढ नंतर भरली असेल, हे मी समजू शकतो," सर म्हणाले. "माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, सांगायला विसरतो. फरक त्या बाजूचा असला तर चालतो. उलट्या बाजूचा नाही चालत. हा तुझा धाकटा भाऊ नाही."

ताईच्या अंगातून काहीतरी सर्रकन वर चढलं. तो आनंद होता. भोंगा जिवंत आहे, कुठेतरी आहे, तिसराच कुणीतरी त्या खोलीत होता, एखादा नवा कामगार, एखादा माल घ्यायला आलेला माणूस. भोंगा घाबरून पळाला असेल, कुठल्यातरी दवाखान्यात पडला असेल. हे सगळं ती बोलूनही गेली. सर ऐकत राहिले.

मग उजवीकडच्या एक्स-रेत तिची नजर खाली घसरली. जबड्याच्या डाव्या बाजूला, खालच्या पहिल्या मोठ्या दाढेवर. त्या दाढेचं रूट कॅनाल केलेलं होतं. मुळांमधून पांढऱ्या रेघा उतरलेल्या दिसत होत्या, आणि मागचं मूळ टोकाशी एकदम वळलं होतं, गळासारखं. त्याच्याबरोबर आतली पांढरी रेघही वळली होती.

त्या वळणापाशी तिनं एक अख्खी दुपार घाम गाळला होता. खुर्चीत आ वासून पडलेला दादा मधूनमधून हातानं खुणा करून विचारत होता, विहीर खणतेस का. नंतर तोंड बधिर असतानाच त्यानं तिचं बारसं करून टाकलं, आमची दातवाली. तेव्हापासून तो तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारत नसे.

"सर," ती म्हणाली. "हे दात मला माहीत आहेत."

"माहीत आहेत म्हणून मला लिहिता येत नाही. कुणाचे ते सांगू नकोस. एक्स-रे मागव."

तिनं दवाखान्यात फोन केला. आवाज आपलाच आहे का, असं तिला वाटत राहिलं. मदतनीस मुलीनं दोन मिनिटांत कॉम्प्युटरवरून एक्स-रे पाठवला आणि भाबडेपणानं विचारलंही, मोठे दादा शुद्धीवर आले का हो?

सरांनी भोंग्याचा एक्स-रे काढून त्या जागी हा लावला. गळासारखं वळलेलं मूळ बघितलं. आडवी अक्कलदाढ जिथं पुढच्या दाढेला टेकली होती ती जागा मोठी करून बघितली. वरच्या दाढांच्या मुळांवरून जाणारी हाडाची नागमोडी रेघ या एक्स-रेवर आणि त्या एक्स-रेवर बोटानं माग काढत बघितली. ताईला ते सगळं बघायची गरज नव्हती. आपलं घर ओळखायला कुणी पत्ता वाचत नाही.

"मी हे अजून एका तज्ज्ञाला दाखवणार," शेवटी सर म्हणाले. "सही त्याच्यानंतर. पण तुला खोटं काय सांगू? हा तोच माणूस आहे."

ताईनं मान हलवली. दादा गेला, हे तिच्या मनात शिरायला निघालं होतं, पण दारातच अडकलं, कारण त्याच्या मागून दुसरं काहीतरी धावत आलं होतं. वर जळीत विभागात जो पडला आहे, ज्याच्या उशाशी वहिनी, दादाची बायको, आठवडाभर बसून आहे, तो मग कोण?

सरांना ते तिच्या तोंडावर दिसलं असावं. ते उठले, त्यांनी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि शांतपणे म्हणाले, "वरच्या माणसालाही दात आहेत. घरच्यांना काही सांगायच्या आधी ते बघून घे."

जळीत विभागाकडे जाताना वाटेत नातेवाइकांची खोली लागायची. तिला काचेचं दार होतं. ताईनं मान खाली घालून जायचं ठरवलं होतं, तरी तिनं बघितलंच. आई भिंतीकडच्या खुर्चीत ताठ बसली होती. काका, म्हणजे ताईच्या वडिलांचे धाकटे भाऊ, फोनवर हळू आवाजात गाडीची व्यवस्था करत होते. कारखान्याच्या वाटण्या झाल्यापासून त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं, पण आग लागल्याच्या दिवसापासून तेच सगळं बघत होते आणि कुणी त्यांना नको म्हणत नव्हतं. कोपऱ्यात चिऊ होती, भोंग्याची बायको, आणि तिच्या शेजारी तिचा भाऊ.

या चिऊचं नाव चिऊ पडलं ते तिच्या बडबडीमुळे. लग्न होऊन आली तेव्हा ती इतकी बोलायची की आईनं एकदा हसत हसत कानात कापूस घालून दाखवला होता. आठवडाभर तिच्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. दुःखानं, असं सगळे म्हणत. ताईला मात्र ठाऊक होतं की त्यात आणखी एक गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी, छपराखाली देह सापडल्याची बातमी आली तेव्हा, आई हुंदके देता देता वहिनीला मिठी मारून म्हणाली होती, निदान मोठा तरी राहिला, पोरीचा बाप तरी राहिला. चिऊ दोन हातांच्या अंतरावर उभी होती. आईच्या ते लक्षातही आलं नाही. चिऊनं हातातली पाण्याची बाटली सावकाश बाकावर ठेवली आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली, ती तिथंच. तेव्हापासून तिचा भाऊ तिला सांगत होता की सगळं उरकलं की आपल्याकडे चल, इथं आता तुझं कोण आहे.

विभागातल्या डॉक्टरांना सरांचा फोन आला होता. त्यांनी ताईला गाऊन, मास्क, हातमोजे दिले आणि आत नेलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या हातून चूक झाली असं नव्हतं. माणूस आत आला तेव्हा त्याच्याबरोबर नाव आलं होतं, आणि त्यांनी त्या नावाच्या माणसाचा जीव वाचवायचा प्रयत्न केला होता. तरी ते दोनदा म्हणाले, आम्हाला खरंच काही कळायला मार्ग नव्हता.

वहिनी पलंगाच्या डाव्या बाजूला बसली होती. पलंगावरच्या माणसाचं डोकं, चेहरा, मान, दोन्ही हात पट्ट्यांमध्ये. तोंडातून श्वासाची नळी. ती त्याच्या कानाशी वाकून हळूहळू बोलत होती, अहो, आज पोरीचा फोन आला होता, मी तिला सांगितलंय, बाबा बरे होतायत. मग ताईला बघून ती सरळ झाली.

"झालं तिकडचं?" तिनं विचारलं.

ताईनं नुसतं सांगितलं की जरा दात बघायचेत. वहिनीला ते विचित्र वाटलं असणार, पण ती उठून बाजूला झाली.

दादाच्या वरच्या पुढच्या दातांत एक खाच होती. आजोबांनी त्याला शाळकरी वयात हातोडी दिली तेव्हापासून तो खिळे दातांत धरून काम करायचा, आणि वर्षानुवर्षं खिळे धरून धरून दाताच्या कडेला बारीकशी अर्धगोल खाच पडली होती. ती भरून देते असं ताई म्हणाली तेव्हा तो म्हणाला होता, भरलीस तर खिळा धरू कुठे? भोंग्यानं हातोडीला कधी हात लावला नाही. तो गिऱ्हाइकांशी बोलायचा, लाकूड निवडायचा, पॉलिशचे रंग मिसळायचा.

तिनं नळीला धक्का न लावता सुजलेला वरचा ओठ बोटानं हळूच वर केला. डॉक्टरांनी बॅटरी धरली.

दातांच्या कडा सरळ होत्या, अखंड. खाच नव्हती.

तिनं दुसऱ्या हाताचं बोट गालाच्या आतून मागे नेलं. शेवटची दाढ लागली. तिच्या मागे गुळगुळीत हिरडी. मग दुसऱ्या बाजूला. तिथंही हिरडीच. आपण केलेलं काम बोटाला बरोबर कळतं.

तिनं हात काढून घेतला, आणि त्या पट्ट्यांच्या आत, इतके दिवस ज्याला ती दादा म्हणत आली होती तिथं, एकदम भोंगा आला. ती रडली नाही. रडायचं कुणासाठी, हेच तिला कळत नव्हतं. मेला म्हणून ज्याच्यासाठी रडून झालं होतं तो समोर श्वास घेत होता, आणि ज्याच्या श्वासावर सगळ्यांनी आशा बांधली होती तो मागच्या इमारतीत होता, आणि त्याच्यासाठी अजून कुणी रडलंच नव्हतं.

"वहिनी," ती म्हणाली, "हा दादा नाही."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. ती किंचाळेल, भोवळ येऊन पडेल, ताईला खोटं पाडेल, यांपैकी काहीतरी होईल म्हणून डॉक्टर एक पाऊल पुढे आले होते. तसं काही झालं नाही. वहिनीनं मास्क नीट केला. मग ती पलंगाच्या पायथ्याशी गेली. पाय तेवढे उघडे होते. नर्सनं शिकवल्याप्रमाणे ती रोज त्यांना क्रीम लावून हळूहळू चोळायची. तिनं अंगठ्याशेजारच्या बोटाला हात लावला.

"यांचं हे बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मला वाटलं, हे लांब नाही. मग वाटलं, सूज असेल. मग मी ते परत बघितलं नाही."

ताईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा कडक होता.

"क्रीम लावताना नजर दुसरीकडे ठेवायची मी," वहिनी म्हणाली.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की घरच्यांना ते स्वतः सांगतील. पण काचेच्या खोलीत शिरल्यावर ते इतके तांत्रिक शब्द वापरू लागले, ओळखीची प्रक्रिया, प्राथमिक निष्कर्ष, की काकांनी मध्येच विचारलं, म्हणजे बॉडी आज मिळणार की नाही? मग ताईनंच सांगितलं. खाली जो देह आहे तो दादाचा आहे. वर जो आहे तो भोंगा. दातांवरून कळलं, तिनं स्वतः दोन्हीकडे बघितलंय. आणखी काय सांगायचं असतं ते तिला सुचलं नाही.

काकांच्या फोनमधून गाडीवाल्याचा हॅलो हॅलो असा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला नाही. आई तोंड उघडं ठेवून ताईकडे बघत होती, कुणीतरी परक्या भाषेत बोलावं तशी. मग तिची मान सावकाश, मागोमाग आत आलेल्या वहिनीकडे वळली आणि तिथून चिऊकडे, आणि तिथंच अडकून राहिली.

चिऊ उभी राहिली. आनंद झालेल्या माणसासारखी ती अजिबात दिसत नव्हती. तिचा भाऊ काहीतरी म्हणाला, तिनं त्याचा हात बाजूला सारला. ती वहिनीसमोर आली. वहिनीच्या अंगावर अजून तो हॉस्पिटलचा गाऊन होता.

"तुम्हाला कळलं नाही?" चिऊनं विचारलं.

आठवड्यात ती पहिल्यांदा बोलत होती, आवाज घोगरा झाला होता.

"तुम्ही त्याच्या एवढ्या जवळ बसत होता. मला दारातून बघू दिलं असतं ना, नुसतं दारातून, तरी मला कळलं असतं. मी पहिल्याच दिवशी विचारलं. एकालाच जाता येतं म्हणाले. बायकोलाच जाता येतं म्हणाले."

तिला मधे थांबवावं म्हणून ताई पुढे झाली, पण वहिनीनं हात आडवा केला.

"कळलं होतं थोडं," वहिनी म्हणाली. "कळून घेतलं नाही. तुला काय म्हणायचंय ते म्हण, मी ऐकते."

चिऊच्या ओठांपर्यंत पुष्कळ काही आलेलं दिसत होतं. तिनं ते गिळलं. मग ती आईकडे वळली, आणि ताईला वाटलं त्यापेक्षा कितीतरी शांतपणे म्हणाली, "आई, तुम्ही म्हणाला होतात, निदान मोठा तरी राहिला."

आईनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे टाकले होते. आयुष्यभर या घरात जो शब्द तिनं टाकला तो शेवटचा ठरत आला होता. वाटण्यांच्या वेळी सख्ख्या दिरालाही तिनं एका वाक्यात गप्प केलं होतं. आता तिला थोरला गमावल्याचं रडायचं होतं आणि त्याच तोंडानं धाकट्याच्या बायकोची माफी मागायची होती, आणि दोन्हींपैकी आधी काय, हे तिला उमगत नव्हतं. तिनं नुसतं "पोरी" असं म्हटलं. कुणाला, ते कळलं नाही. चिऊही उभी राहिली, वहिनीही उभी राहिली, दोघींपैकी कुणी जवळ गेली नाही.

एवढ्यात ताईच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि तिला त्या धक्क्यातही काकांचा राग आला. आठवडाभर काका वहिनीची सरबराई करत होते. वहिनीला चहा, वहिनीला खुर्ची, वहिनीनं जरा पडावं. उद्या कारखाना चालायचा तर तो थोरल्याच्या शब्दावर चालणार, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आता त्यांनी फोन खिशात टाकला, बाकावरची पाण्याची बाटली उचलली, वहिनीसमोरून नेली आणि चिऊपुढे धरली. बस बाळा, दोन घोट पी, ते म्हणाले. चिऊच्या भावाचीही बसायची ढब बदलली होती. घरी चल म्हणणारा तो आता डॉक्टरांना विचारत होता की आमच्या जावईबापूंना याहून मोठ्या हॉस्पिटलात हलवता येईल का.

वहिनीनंही ते बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. चिऊनं बाटली घेतली आणि न पिता वहिनीच्या हातात दिली.

मग वहिनी जे बोलली ते ती कुणाला उद्देशून बोलत होती असं नाही.

"तो कोट," ती म्हणाली. "तो कोट हे कुणाला घालू देत नव्हते. भाऊजी तर त्याची टिंगल करायचे, गोणपाट म्हणायचे त्याला. भाऊजींच्या अंगावर तो कसा आला?"

कुणालाच ते माहीत नव्हतं. त्या खोलीत काय झालं हे सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो बेशुद्ध होता. पण डॉक्टर, इतका वेळ शब्द शोधत उभे असलेले, हळूच म्हणाले की पाठीची आणि पोटाची कातडी त्या जाड कापडामुळेच वाचली आहे, कोट नसता तर आज ते इथं नसते.

"ह्यांनीच घातला असणार," वहिनी म्हणाली. "दुसरं कोण घालेल?"

चिऊचा तोवर आवरून धरलेला बांध तिथं फुटला. ती मटकन खाली बसली, जमिनीवरच, वहिनीच्या पायांशी, आणि तिनं त्या गाऊनमध्ये तोंड खुपसलं. ती काय बोलत होती ते नीट कळत नव्हतं. दादा, दादा, एवढंच ताईला ऐकू आलं. ताईच्या थोरल्या भावासाठी रडणारं ते पहिलं माणूस होतं, आणि ते ऐकल्यावर ताईलाही रडता आलं. वहिनी मात्र रडली नाही. ती वाकली, चिऊला दंडाला धरून तिनं उभं केलं आणि म्हणाली, "चल. तोंड धू. आत असं जायचं नाही."

डॉक्टरांनी त्या वेळेपुरतं दोघींना आत सोडलं. ताई दाराच्या काचेतून बघत होती, तिथून बोलणं ऐकू येत होतं. वहिनीनं चिऊला गाऊन घातला, पाठीमागच्या नाड्या बांधल्या, मास्क नाकावर दाबून बसवला. मग तिला पलंगाच्या डाव्या बाजूला नेलं.

"या बाजूनं बोलायचं," वहिनी सांगत होती. "उजवा कान पट्टीखाली आहे. जोरात नको. हाताला हात लावायचा नाही, पायाला लाव. क्रीम त्या कपाटात आहे, वरून खाली चोळायचं नाही, खालून वर. दुपारी पट्ट्या बदलतात तेव्हा बाहेर थांबायला सांगतात, तेव्हा भिऊ नकोस. मशीन मधूनच वाजतं. मला पहिल्या दिवशी वाटलं सगळं संपलं. तसं नसतं, नर्स येते आणि बटण दाबते."

चिऊ मान हलवत होती, वर्गात पहिल्या दिवशी बसलेल्या मुलीसारखी.

"आणि," वहिनी अडखळली, "मी त्याला आठवडाभर अहो म्हणत होते. आपल्या पोरीचं सांगत होते. त्याला ऐकू येत असेल तर तो बिचारा गोंधळला असेल. त्याला सांग तू कोण ते."

चिऊ खुर्चीत बसली. ती त्या कानाशी वाकली. भोंग्या, एवढं एकच म्हणाली, मग तिला पुढचं जमेना, मग ती पुन्हा तेच म्हणाली. पलंगावरचा माणूस हलला नाही. मशीन पूर्वीसारखंच चालू राहिलं. वहिनी क्षणभर पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, मग बाहेर आली आणि तिनं अंगावरचा गाऊन काढून घडी करून, जुना वापरलेला असूनही नीट घडी करून, डब्यात टाकला.

बाहेर जिन्यापाशी आई होती. ती खोलीतून उठून आली होती खरी, पण जिन्यावरून खाली शवागाराकडे वाट जायची आणि उजवीकडे वळलं की जळीत विभाग, आणि मधेच तिचे पाय थांबले होते. ती पायरीवर बसून राहिली होती. ताई तिच्याजवळ बसली. आईनं तिला विचारलं की मी कुठं जाऊ गं. एवढ्या वर्षांत तिनं कुणाला असं काही विचारलेलं ताईला आठवत नव्हतं. मग वहिनीच म्हणाली, "आई, तुम्ही आत जा. दार ठोकून उभ्या राहा. चिऊ घेईल तुम्हाला आत. आज नाही घेतलं तर उद्या घेईल, पण उभ्या राहा." आईनं तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला गेली, आणि कठड्याला धरून उठली. चिऊच्या दाराकडे जाताना ती भिंतीला हात लावत लावत चालत होती.

वहिनी जिना उतरायला लागली. ताई तिच्या मागून गेली.

"मला त्यांच्याकडे ने," वहिनी म्हणाली.

"तिथं दाखवत नाहीत, वहिनी. आणि तू बघूही नकोस."

"नाही दाखवलं तरी चालेल. दाराशी बसते." ती उतरता उतरता थांबली नाही. "आठवडा झाला, त्यांच्या दाराशी कुणीच बसलेलं नाही."

खालच्या मजल्यावर चौकशीच्या खिडकीपाशी दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. ताईनं कुणाला न विचारता दोन्ही उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि उन्हानं तापलेलं आवार ओलांडून त्या दोघी मागच्या इमारतीकडे निघाल्या.